ठरलेलं यीस्ट हाताशी नसेल तेव्हा

घरी बिअर करायला घेतलीय. वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, उकळून झालंय, हॉप्सची कडवट फुलं पडलीत, गार करायची कॉइल पातेल्यात सोडलीय आणि तेवढ्यात लक्षात येतं की फ्रिजमधलं पाकीट भलतंच आहे. रेसिपीत एस-०४ हे इंग्लिश बिअरचं यीस्ट लिहिलंय आणि हातात गव्हाच्या बिअरचं डब्ल्यूबी-०६. नाहीतर द्रव यीस्टची पिशवी जुलैच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत दिवसभर शिजून आलीय. नाहीतर दुकानदाराने "हेही चालेल की" म्हणत दुसरंच काहीतरी गळ्यात मारलंय. शनिवारी दुपारी मला घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या मंडळातल्या नव्या मुलामुलींचे फोन येतात ते बहुतेक याचसाठी. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

पहिली गोष्ट, घाई करू नका. निर्जंतुक केलेल्या, झाकण घट्ट बसणाऱ्या भांड्यात वर्ट एक रात्र निवांत राहतं. ऑस्ट्रेलियात तर पुष्कळ लोक कॉइल वगैरेच्या भानगडीत पडतच नाहीत. उकळतं वर्ट जाड प्लॅस्टिकच्या डब्यात काठोकाठ भरतात, बूच लावतात आणि सवडीने, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यीस्ट घालतात. तेव्हा रविवारी सकाळी दुकान उघडेपर्यंत थांबायचं असेल तर खुशाल थांबा. फक्त कोमट वर्ट उघड्या पातेल्यात ठेवायचं नाही. तुमच्या यीस्टच्या आधी तिथे बॅक्टेरिया बस्तान बसवतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. यीस्ट बदललं तर बाकीचंही बदलायला लागतं: मॅशचं (माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढायच्या टप्प्याचं) तापमान, शेवटचे हॉप्स, फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) ठेवायची जागा, बाटल्या भरायचा दिवस आणि बिअरचं नाव. जेवढं हातात आहे तेवढं बदललं तर बिअर हमखास चांगली होते. फक्त पाकीट बदललं आणि बाकी रेसिपी तशीच रेटली, तर जे होतं ते धड इंग्लिश नसतं आणि धड जर्मनही नसतं.

एक खुलासा आधीच करते. मी ओरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ राहते. अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८च्या केंद्रीय कायद्याने मोकळीक दिली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि विकायची नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग दारूबंदी कायद्यात बसतो. माझा पुण्याचा मावसभाऊ दर खेपेला "येताना दोन पाकिटं टाक ना बॅगेत" म्हणतो. त्याला मी चॉकलेटं नेते.

पाकिटावर काय वाचायचं

वर्ट म्हणजे शेवटी माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी. दूध तेच असलं तरी विरजण कुणाच्या घरचं आहे त्यावर दह्याचा नूर ठरतो, तसंच हे आहे. नव्या पाकिटाबद्दल मी तीन प्रश्न विचारते. उत्तरं कंपनीच्या माहितीपत्रकात असतात. पाकिटाच्या मागे असतात ती बरेचदा अर्धवट.

हे यीस्ट किती खातं? याला अ‍ॅटेन्युएशन म्हणतात: वर्टमधल्या साखरेपैकी किती टक्के संपवणार ते. कुठल्या तापमानात खूश असतं? आणि खाता खाता मागे काय सोडतं: फळांचा वास, लवंगेचा वास, की काहीच नाही?

साका, म्हणजे तळाला जमणारा यीस्टचा गाळ, कसा बसतो हा चौथा प्रश्न खरं तर आहे, पण त्याने बिअर बिघडत नाही, फार तर गढूळ दिसते. एस-०४चा साका तळाला वडीसारखा घट्ट बसतो, फर्मेंटर तिरका केला तरी हलत नाही. अमेरिकन यूएस-०५चा भुसभुशीत असतो आणि बाटल्या भरताना नळीतून वर येतो. दोन दिवस फ्रिजमध्ये गार करून ठेवलं की तोही बसतो.

पहिल्या प्रश्नाचं गणित एकदा हाताने करून बघा. समजा, साधी इंग्लिश बिटर आहे, २० लिटर, ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०५०, म्हणजे पन्नास पॉइंट. ठरलेलं एस-०४ त्यातलं सुमारे ७५ टक्के खातं. उरतात साडेबारा पॉइंट, एफजी (आंबून झाल्यावरची घनता) १.०१२ किंवा १.०१३, अल्कोहोल ४.९ टक्के. तिथे यूएस-०५ पडलं तर ते ८० टक्क्यांच्या आसपास जातं: एफजी १.०१०, अल्कोहोल सव्वापाच. विंडसर हे इंग्लिश यीस्ट पडलं तर ते ६८ टक्क्यांवर हात धुऊन मोकळं होतं: एफजी १.०१६, अल्कोहोल साडेचारच्या आत. आणि डब्ल्यूबी-०६ पडलं तर ते ८८ टक्क्यांपर्यंत खरवडून खातं: एफजी १.००६, अल्कोहोल पावणेसहा. पातेलं एकच, आणि त्यातून एक गोडसर हलकी बिअर निघू शकते किंवा खडखडीत कोरडी आणि चढणारी. अल्कोहोल काढायचं सूत्र सोपं आहे: ओजीमधून एफजी वजा करा आणि १३१ने गुणा.

आता यावर इलाज. बदल मॅश लावायच्या आधी लक्षात आला असेल तर सगळ्यात उत्तम. नवं यीस्ट जास्त खादाड असेल तर मॅश ६८-६९ अंशांवर लावा (मी सगळीकडे सेल्सिअसच लिहिते). त्या तापमानाला न आंबणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा, म्हणजे डेक्स्ट्रिन, जास्त उरतात. यीस्ट आळशी असेल तर ६४-६५वर आणा आणि तासाऐवजी दीड तास ठेवा.

मॅश होऊन गेला असेल, किंवा तुम्ही डब्यातलं माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापरत असाल, तर ही संधी गेली. मग आळशी यीस्टसाठी उकळीत २०० ग्रॅम साधी साखर घाला. २० लिटरला त्याने ओजी चारेक पॉइंटने चढतं, पण ती साखर पूर्ण आंबते, त्यामुळे बिअर तोंडाला हलकी लागते. खादाड यीस्टसाठी उलटं, लॅक्टोज घालता येतं, कारण बिअरचं यीस्ट ते खात नाही. पण पाव किलोच्या वर जाऊ नका, मिल्कशेक होतो. मला स्वतःला बिटरमध्ये लॅक्टोज पसंत नाही. त्यापेक्षा मी कडवट हॉप्स थोडे कमी करते, कारण कोरड्या बिअरमध्ये तेवढाच कडूपणा जास्त टोचतो.

अमेरिकन आणि इंग्लिश: यात रडण्यासारखं काही नाही

एस-०४च्या जागी यूएस-०५, किंवा उलट, ही अदलाबदल सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात कमी त्रास देते. यूएस-०५ने फळांचा वास कमी येतो आणि हॉप्स पुढे येतात. एस-०४ने माल्टची गोडी पुढे येते, आणि २१-२२ अंशांच्या वर गेलं तर एक आंबटसर ब्रेडसारखी चव येते, ती मला आवडत नाही. म्हणून ते मी १८वर ठेवते. नॉटिंगहॅम असेल तर डोळे मिटून वापरा. ते पटकन संपवतं, स्वच्छ असतं, साकाही छान बसतो.

विंडसरचं मात्र सांगायला हवं, कारण त्याच्यामुळे लोक उगाच घाबरतात. माल्टमधल्या साखरेत माल्टोज सर्वांत जास्त, आणि त्याखालोखाल माल्टोट्रायोज नावाची तीन कड्यांची साखर. विंडसरला ही तीन कड्यांची साखर खाता येत नाही. दणक्यात सुरू होतं, तीन दिवसांत एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी झडप) शांत, हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) १.०१६ दाखवतो आणि फोन येतो, "ताई, अडकलं!" अडकलेलं नसतं, संपलेलं असतं. तेवढा गोडवा नको असेल तर त्यात नॉटिंगहॅमचं अर्धं पाकीट घाला, उरलेली साखर ते खाईल.

इथे एक चुकीचा सल्ला फार फिरतो, की अडकलेल्या बिअरमध्ये शँपेनचं यीस्ट घाला, ते सगळं खातं. माझं माहेर नाशिकचं. द्राक्षं, वाइन, पिंपं हे सगळं लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे वाइनच्या यीस्टबद्दल मला आदर आहे. पण ईसी-१११८ या शँपेनच्या यीस्टला द्राक्षातली साधी साखर खायची सवय. माल्टोट्रायोज त्यालाही पचत नाही. शिवाय ते 'किलर' जातीचं आहे: आजूबाजूच्या संवेदनशील यीस्टला मारणारं प्रथिन सोडतं. म्हणजे तुमची साखर तशीच राहणार आणि मूळ यीस्टही जाणार. सुरुवातीपासून बिअरला तेच वापरलं तर बिअर होते, पण गोडसर आणि बिनचेहऱ्याची.

लेगरचं वर्ट, एलचं यीस्ट

बिअरचे दोन मोठे प्रकार: उबेत आंबणारी एल आणि थंडीत आंबणारी लेगर. लेगरचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस पास्टोरिॲनस: एलच्या यीस्टचा आणि थंडी सोसणाऱ्या एका रानटी यीस्टचा संकर. तो रानटी पूर्वज, युबायानस, २०११ साली पॅटागोनियातल्या जंगलात सापडला. म्हणून लेगर १०-१२ अंशांत सुखाने आंबते आणि एलचं यीस्ट त्या थंडीत झोपी जातं.

पिल्सनर या फिकट लेगरचं माल्ट, मंद वासाचे नोबल हॉप्स, सगळं तयार आणि हातात यूएस-०५? मग पिल्सनरचा नाद सोडा आणि कोल्शच्या वाटेने जा. कोलोन शहरात एलचंच यीस्ट थोडं थंड आंबवून मग गारठ्यात मुरवतात. घरी १६ अंशांवर दोन आठवडे आणि नंतर फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे ठेवलं की मंडळाच्या जेवणात निम्मे लोक त्याला लेगरच म्हणतात. यूएस-०५ १५च्या खाली नेऊ नका, काही वेळा पीचसारखा वास सोडतं. नॉटिंगहॅम १२-१३लाही काम करतं. तळघर थंड असेल तर तेच घ्या.

उलटी अदलाबदल, एलच्या वर्टमध्ये लेगरचं यीस्ट, याचा तर इतिहासच आहे. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात बर्फ महाग आणि यंत्राचं शीतकरण नाही. लोकांनी लेगरचं यीस्ट एलच्या तापमानात, उथळ हौदांमध्ये आंबवलं. त्यातून स्टीम बिअर निघाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने ती जगभर पोचवली, ती ब्रूअरी २०२३मध्ये बंद पडली. आज डब्ल्यू-३४/७० या लेगरच्या यीस्टचं कोरडं पाकीट १७-१८ अंशांवर निर्धास्त वापरता येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाकण उघडलंत तर सडक्या अंड्याचा वास येईल. तो गंधकाचा वास आहे, फेसाबरोबर उडून जातो. आमचे हे त्या दोन दिवसांत गॅरेजमधून गाडी काढतानासुद्धा नाक दाबतात. शेवटी दोन-तीन दिवस २० अंशांवर आणा, म्हणजे लोण्यासारखी चव देणारं डायअसिटिल यीस्टच साफ करून टाकतं.

पाकिटांचा हिशोब इथे बदलतो. साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट २० लिटर एलला पुरतं. लेगर थंडच करायची तर दोन लागतात. १८ अंशांवर एकात भागतं, पण ओजी १.०५५च्या वर असेल तर मी दुसरंही फोडते. कोरडं यीस्ट वर्टवर सरळ भुरभुरायचं. द्रव यीस्ट असेल तर फर्मेंटर जोरजोरात हलवून हवा खेळवा, त्याला ती लागते.

उन्हात शिजलेल्या पिशवीचं काय? ती आधी तपासा. द्रव यीस्ट करणाऱ्या वायीस्ट कंपनीची प्रयोगशाळा आमच्यापासून तासाभरावर, हूड रिव्हरला आहे, तरीसुद्धा शेवटच्या टप्प्यात गाडीत तापलेली पिशवी मी तशीच वर्टमध्ये ओतत नाही. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट उकळून गार करा, त्यात पिशवी घाला, येता-जाता बरणी हलवा. दीड दिवसात फेस किंवा तळाला पांढरा थर दिसला नाही तर ते गेलं. कोरडं पाकीट उघडा.

लवंग, केळं आणि फुटणाऱ्या बाटल्या

आता डब्ल्यूबी-०६. गव्हाच्या बिअरचं यीस्ट. माल्टच्या सालीत फेरुलिक आम्ल असतं. काही यीस्ट त्याचं ४-व्हिनाइल ग्वायकॉल करतात आणि बिअरला लवंगेचा वास येतो. त्याच यीस्टची एस्टरं केळ्याचा वास देतात. बव्हेरियन गव्हाच्या बिअरमध्ये हे हवंच असतं. पण सिट्रा-मोझॅक हे फळांच्या वासाचे हॉप्स घातलेल्या आयपीएमध्ये (हॉप्सवर भर असलेली एल) आंबा, संत्रं, केळं आणि लवंग एकत्र आले की खोकल्याच्या औषधाची आठवण येते. म्हणून उकळी चालू असतानाच पाकीट बदललेलं कळलं, तर शेवटच्या पाच मिनिटांचे आणि नंतरचे कोरडे (आंबताना घालायचे) हॉप्स परत फ्रिजरमध्ये टाका. सुरुवातीचे कडवट हॉप्स पडले असतील तेवढे पुरेत. फिकट माल्टवर हे यीस्ट सुंदर बसतं. लवंग पुढे हवी तर १७-१८ अंश, केळं हवं तर २१-२२.

हॉप्स आधीच पडून गेले असतील तर? तरीही टाकून देऊ नका. १७ अंशांवर ठेवा, त्यातल्या त्यात कमी गोंधळ होतो. बेल्जियन आयपीए नावाचा प्रकार साधारण याच धाटणीचा आहे.

पण या यीस्टची खरी गोष्ट वासाची नाहीच. डब्ल्यूबी-०६ आणि सेझॉन या बेल्जियन बिअरसाठीची बेल सेझॉन, बीई-१३४ ही यीस्ट डायस्टॅटिकस जातीची आहेत. त्यांच्यात एसटीए१ नावाचं जनुक असतं आणि त्याच्या जोरावर ती ग्लुकोअमायलेज हे एन्झाइम बाहेर सोडतात. बाकीची यीस्ट ज्या डेक्स्ट्रिनला हात लावत नाहीत, ते हे एन्झाइम तोडून त्याची साखर करतं. म्हणून मॅश ६९ला लावून या यीस्टला फारसं आवरता येत नाही आणि माल्टोडेक्स्ट्रिन घालून अंगही वाढवता येत नाही. तेही खाल्लं जातं. लॅक्टोज तेवढं वाचतं.

आणि हे काम संथपणे चालतं. पहिल्या आठवड्यात धबधब्यासारखं येतं, मग १.०१०वर थांबल्यासारखं वाटतं. एअरलॉक गप्प. रेसिपीतही एफजी १.०१२ लिहिलेलं, त्यामुळे मन म्हणतं झालं. बाटल्या भरल्या जातात, आणि पुढचा महिनाभर बाटलीत काम चालू राहतं.

गणित बघा. बाटलीबंद बिअर आणखी एक पॉइंट खाली गेली की सुमारे अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये विरघळलेला एक लिटर वायू. तुम्ही प्रायमिंगची (बाटलीत फेस यावा म्हणून घालायची) साखर अडीच व्हॉल्यूमच्या हिशोबाने घातली. १.०१०वर भरलेली बिअर १.००६ला गेली, चार पॉइंट, आणखी दोन व्हॉल्यूम. एकूण साडेचार. नेहमीच्या पातळ तपकिरी बाटलीत मी तीनच्या वर जात नाही. मग एक तर उघडल्यावर अर्धी बिअर छताला, नाहीतर बाटलीच फुटते. एका मित्राच्या कपाटात फुटलेल्या बाटलीचा तुकडा दाराच्या फळीत रुतलेला मी पाहिलाय. कपाट बंद होतं म्हणून बरं.

तेव्हा या जातीचं यीस्ट पडलं असेल तर किमान तीन आठवडे फर्मेंटरमध्ये. शेवटी एक-एक आठवड्याच्या अंतराने घेतलेली दोन मापं सारखी यायला हवीत. साध्या एलला तीन दिवसांचं अंतर चालतं, इथे नाही. माप हायड्रोमीटरने घ्या. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशावरून साखर मोजणारा) अल्कोहोल झाल्यावर फसवतो, दुरुस्तीचं सूत्र लावावं लागतं.

आणखी एक युक्ती, बाकीच्या यीस्टलाही उपयोगी. यीस्ट टाकल्यावर त्याच दिवशी फर्मेंटरमधलं पाव लिटर वर्ट स्वच्छ बाटलीत काढून घ्या. त्यात त्याच पाकिटातलं चिमूटभर जादा यीस्ट घाला, तोंडाला फॉइल लावा आणि बाटली घरातल्या सगळ्यात उबदार जागी ठेवा. आमच्याकडे ती वॉटर हीटरच्या डोक्यावर असते. दिवसातून दोनदा हलवा. तीन-चार दिवसांत तिचं आंबणं संपतं. वायू घालवण्यासाठी ती दोन पेल्यांत उलटसुलट ओतून फेस मरू द्या आणि मग हायड्रोमीटर सोडा. तो आकडा म्हणजे मोठ्या फर्मेंटरचा मुक्काम. छोटी बाटली १.०१० म्हणते आणि मोठा फर्मेंटर १.०१४वर आहे, तर अजून थांबायचं. डायस्टॅटिकसच्या बाबतीत छोट्या बाटलीलाही पंधरा दिवस द्या, तिथेही ते संथच असतं.

सेझॉनच्या यीस्टबद्दल वेगळं फार नाही. मिरीसारखा वास, कोरडी बिअर, २५ अंशांच्या वरही खूश. उन्हाळ्यात एसी नसेल तर ते सोयीचंच.

उन्हाळा आणि क्वाइक

पोर्टलंडचा उन्हाळा पूर्वी सुखाचा असायचा, त्यामुळे इकडच्या जुन्या घरांत एसी नाही. २०२१च्या जूनमध्ये पारा ४६च्या वर गेला होता. गॅरेज ३५ला असताना यूएस-०५ टाकलं तर उग्र अल्कोहोलचे वास येतात, डोकं दुखतं. अशा वेळी मी ठरलेलं यीस्ट मुद्दाम बाजूला ठेवते आणि व्हॉस क्वाइक घेते. पश्चिम नॉर्वेतल्या शेतघरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं हे यीस्ट, ३५ ते ४० अंशांत सर्वांत छान चालतं. तीन-चार दिवसांत आंबणं संपतं, संत्र्याच्या सालीसारखा मंद वास येतो आणि लवंग अजिबात नाही. अमेरिकन पेल एल, आयपीए यांना हे फार जमतं. स्टाउटलाही चालतं. पिल्सनरच्या वर्टला मी वापरणार नाही. वर्ट हलकं असेल, १.०४५च्या खाली, तर यीस्ट न्यूट्रिएंट दुप्पट घाला. क्वाइकला भूक मोठी असते आणि हलक्या वर्टमध्ये ते अर्ध्यातच कुरकुरतं.

क्वाइक नसेल आणि ऊन असेल, तर फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा, त्याला जुना ओला टी-शर्ट घाला, टी-शर्टचं टोक पाण्यात राहू द्या आणि टेबलफॅन लावा. चार-पाच अंश सहज उतरतात. पाण्याच्या बाटल्या गोठवून टबात सोडल्या तर आणखी.

स्वयंपाकघरातलं ब्रेडचं यीस्ट

हा प्रश्न प्रत्येक जण एकदा विचारतो. जात तीच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. बिअर होते. फिनलंडमध्ये साहती नावाची जुनी गावठी बिअर आजही ब्रेडच्याच यीस्टने करतात. पण या यीस्टची निवड पिठात वायू सोडण्यासाठी झालीय, साका बसण्यासाठी नाही. बिअर गढूळ राहते, लवंग आणि केळं दोन्ही येतात. शिवाय पाकिटात थोडे दुधाळ बॅक्टेरियाही असू शकतात, त्यामुळे महिनाभरात आंबट होते. करायचीच तर साहतीच्या वळणाने करा: हॉप्स नाममात्र, थोडी राई, असली तर जुनिपरची फळं. आणि दोन आठवड्यांत संपवा. महागड्या हॉप्सची आयपीए यावर घालवू नका, एवढंच सांगेन.

यीस्ट पडून गेल्यावर कळलं तर

मग ठरलेलं पाकीट वरून ओतू नका. पहिल्या काही तासांत जे यीस्ट आत गेलं त्याने ऑक्सिजन आणि पोषण घेतलेलं असतं. दुसऱ्याला उष्टं मिळतं आणि चव पहिल्याचीच राहते. विंडसरच्या मागून नॉटिंगहॅम हा अपवाद, कारण तिथे खाण्यासारखं काही उरलेलं असतं. पुढच्या दोन तासांत तापमान तेवढं नव्या यीस्टला मानवेल असं करा. चव ठरते ती मुख्यतः पहिल्या तीन दिवसांत.

गव्हाचं किंवा सेझॉनचं यीस्ट असेल तर साधा एअरलॉक काढून जाड ब्लो-ऑफ नळी लावा आणि तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या बादलीत सोडा. ही यीस्ट फेस फार वर आणतात. हॉप्सच्या चोथ्याने एअरलॉक तुंबला तर झाकण उडून भिंतीवर नक्षी होते.

आणि बिअरचं नाव बदला. स्पर्धेला पाठवणार असाल तर हे फार महत्त्वाचं: एस-०४च्या जागी गव्हाचं यीस्ट पडलेली बिटर 'बिटर' म्हणून पाठवलीत तर परीक्षक पहिल्या घोटाला दोष लिहितील. तीच बिअर प्रायोगिक गटात, खरं नाव सांगून पाठवली तर चार कौतुकाचे शब्द लिहितील. घरच्या पाहुण्यांचंही तेच. "पिल्सनर आहे" म्हणून दिली की ती पिल्सनरशी ताडून बघतात. "कोल्श आहे" म्हटलं की पितात. तसं पाहिलं तर बव्हेरियाच्या १५१६च्या प्रसिद्ध फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच आहे, यीस्टचा उल्लेखच नाही. आणि एकाच जातीचं शुद्ध यीस्ट वेगळं काढणं १८८३मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल ख्रिश्चन हॅन्सनला जमलं. त्याआधी कुठल्या पिंपात नेमकं काय वळवळतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

फर्मेंटरवर मास्किंग टेप लावून यीस्टचं नाव, तारीख, ओजी आणि खोलीचं तापमान लिहा. बदललेलं यीस्ट आवडलं तर हीच चार अक्षरं पुढच्या वेळी रेसिपी होतात. बिअर बाटल्यांत भरून झाली की तळाचा साका निर्जंतुक बरणीत घेऊन फ्रिजमध्ये ठेवता येतो. २० लिटरच्या पुढच्या बिअरला कपभर पुरतो, पण दोन आठवड्यांच्या आत वापरा आणि झाकण गच्च पिळू नका, वायू निघत राहतो. डब्ल्यूबी-०६ आणि बेल सेझॉनचा साका मी ठेवत नाही. तो कडकडीत पाण्याबरोबर सिंकमध्ये जातो. ज्या प्लॅस्टिकच्या नळीतून ती बिअर गेली तिच्यावर लाल टेप लावलेली आहे आणि ती दुसऱ्या कुठल्याच बिअरला लागत नाही. ओरखड्यांत लपलेले चार कण पुढच्या स्टाउटच्या बाटल्या फोडायला पुरेसे असतात.